मनीवरची माया माझी की तिच्या जंतूची?

आदरणीय ताई,

तुमचं सदर माझी आई नेमाने वाचते, तिच्यामुळे मलाही सवय लागली. मी २९ वर्षांची आहे, कोथरूडला सासरी राहते. तिसरा महिना चालू आहे, पहिलीच वेळ. माझ्याकडे मनी नावाची मांजर आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही अरण्येश्वरजवळ राहायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पार्किंगच्या चिखलात हे मूठभर पिल्लू सापडलं. ड्रॉपरने दूध पाजून मी ते जगवलं. लग्नानंतर मनी माझ्याबरोबर इकडे आली.

दिवस राहिल्याचं कळल्यापासून घरात एकच विषय आहे. नणंदेने एक रील पाठवलं. त्यात सांगितलंय की मांजराच्या विष्ठेतला जंतू माणसाच्या मेंदूत घर करतो आणि त्याला मांजरांच्या प्रेमात पाडतो, जसा तो उंदराची भीती घालवून त्याला मांजराच्या तोंडी देतो. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, मनीला मंडईत सोडून या, तिथे तिला खायला मिळेल. नवरा म्हणतो, बाळ मोठं झालं की दुसरी आणू. मला रडू आलं, तर नणंद म्हणाली, "बघ, हे तू बोलत नाहीयेस, तुझ्या डोक्यातला किडा बोलतोय." ती गमतीत म्हणाली असेल, पण ते वाक्य जात नाही. रात्री मनी पायाशी येऊन झोपते आणि मी विचार करत जागी राहते, की ही माया माझी आहे की त्या जंतूची? मला स्वतःच्या मनाचा भरवसा वाटेनासा झालाय.

बाळाला धोका आहे का? मनीला सोडू का? आणि खरंच असे जंतू कुणाचं मन ताब्यात घेऊ शकतात का? (मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, मला 'तू'च म्हणा.)

– मनीची आई, कोथरूड


प्रिय लेकी,

आधी कामाचं सांगते, म्हणजे बाकीचं पत्र तू शांतपणे वाचशील. मनीला कुठेही सोडायचं नाही. ड्रॉपरवर वाढलेलं, इतकी वर्षं घरात वाटीतलं खाणारं मांजर मंडईत नेऊन टाकलं तर ते फार दिवस तग धरणार नाही. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून येणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही नवऱ्याच्या कानावर घाल. बाळासाठी जी काळजी घ्यायची ती खाली नीट लिहिते. ती घेतलीस तर मनीने घर सोडायचं काही कारण उरत नाही.

पण पत्र वाचताना मला बाळापेक्षा तुझीच जास्त काळजी वाटली. "स्वतःच्या मनाचा भरवसा वाटेनासा झालाय" हे वाक्य मी दोनदा वाचलं. मी चौतीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि परजीवी हा माझा जिवाभावाचा विषय. त्या विषयाच्या नावावर कुणी एका पोटुशी मुलीला रात्रभर जागवत असेल, तर मला गप्प बसवत नाही. म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

असे जीव असतात का? असतात. त्यातला एक मी शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात, मागच्या मोरीपाशी पाहिला. मोरपिसासारखी हिरवी-निळी चमकणारी, लालसर मांड्यांची एक बारीक गांधीलमाशी झुरळाची मिशी धरून उलट्या पावली चालली होती. झुरळ तिच्या दुप्पट. ती त्याला फरफटत नेत नव्हती. दाव्याला धरलेली गाय यावी तसं ते आपल्या पायांनी तिच्यामागून येत होतं. मी खराट्याची काडी आडवी घातली, झुरळ थांबलं. काडीने टोचलं, तरी तिथेच. पाय शाबूत, पंख शाबूत, आणि झुरळ पळत नाही! दोघं भिंतीच्या एका फटीत गेली. थोड्या वेळाने माशी एकटीच बाहेर आली आणि बारीक खडे आणून फट बुजवू लागली. माझी भांडी तशीच राहिली, मी जमिनीवर बसून बघत होते.

ती माशी आधी झुरळाच्या छातीत डंख मारते, त्याने पुढचे पाय मिनिटा-दोन मिनिटांसाठी लुळे पडतात. तेवढ्या अवधीत दुसरा डंख मानेतून थेट मेंदूत. त्या विषाने झुरळाला लकवा होत नाही. त्याला उलटं केलं तर ते सरळ होतं, ओढलं तर चालतं. फक्त आपणहून चालायला लागण्याची उर्मी जाते. मग माशी मिशा अर्ध्यावर तोडते, त्यातला द्रव पिते, झुरळाला बिळात नेऊन त्याच्या पायावर एक अंडं घालते. अळी बाहेर येते आणि झुरळाला आतून खाते. ज्या झुरळावर अंडं घातलं गेलं नाही, ते काही दिवसांनी पुन्हा नेहमीसारखं पळू लागतं. हे शेवटचं लक्षात ठेव. विष उतरतं, कारण ते रसायन आहे, ठरलेल्या जागी टोचलेलं आणि ठरलेलं एकच काम करणारं.

माणसाच्या बाबतीत असं काही घडतं का, हे तुला विचारायचं असणार. घडतं, आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातच होता. तुझ्या पिढीने नारू पाहिला नाही, हे तुमचं भाग्य. आमच्या आजोळी, मराठवाड्यात, गावाला बारव होती. बायका पायऱ्या उतरून पाण्यात उभ्या राहून घागरी भरायच्या. माझ्या मावशीच्या घोट्याच्या वर एकदा फोड आला. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या फोडाची अशी आग व्हायची की मावशी कामं टाकून पाण्यात पाय बुडवायला जायची. मग फोड फुटला आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसायला लागलं. आजीने ते एका काडीला गुंडाळलं. रोज सकाळी काडीला एक वेढा, जास्त नाही. तुटला तर पाय सुजून सडेल, म्हणून आजी श्वास रोखून तो वेढा द्यायची. असे कितीतरी दिवस. शेवटी निघाला तो मीटरभर लांब किडा होता.

त्या किड्याची मादी माणसाच्या शरीरात साधारण वर्षभर वाढते, मग पायाच्या कातडीपाशी येऊन फोड उठवते. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात घालतो. पाणी लागताच ती लाखो पिल्लं पाण्यात सोडते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव ती गिळतात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात पुढचा नारू सुरू होतो. आता नीट बघ. नारूने मावशीच्या मनात "बारवेत उतर" असा विचार घातला नव्हता. त्याने फक्त आग दिली. पाण्याकडे मावशी आपली आपण गेली, कारण भाजलं की पाण्याकडे जाणं हे तिचंच शहाणपण होतं. आणि ही वाट एकदा कळल्यावर काय झालं? पाणी फडक्याने गाळा, बारवेत उतरू नका, हापसे बसवा, बारवा बंद करा, एवढ्यावर देशातून नारू गेला. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मधला, राजस्थानातला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं मान्य केलं. एका लसीशिवाय, एका गोळीशिवाय.

पुण्याने याहून भयंकर एक उदाहरण सोसलं आहे, फक्त तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं. १८९७ चा प्लेग. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच आजाराने १० मार्च १८९७ ला गेल्या. प्लेग उंदराच्या पिसवांमधून पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये. आणि पिसवेच्या पोटात नक्की काय होतं हे १९१४ साली कळलं. प्लेगचे जिवाणू पिसवेच्या जठराच्या तोंडाशी बुचासारखा गोळा करतात. ती रक्त शोषते, पण ते खाली उतरत नाही. भुकेने कासावीस होऊन ती पुन्हा पुन्हा, समोर येईल त्याला चावते आणि अडकलेलं रक्त जिवाणूंसकट जखमेत ओकते. एका बुचाने तिला घराघरात फिरवली. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या मेंदूकडे गेलासुद्धा नाही.

रीलवाल्यांची आवडती ती बुरशी लागलेली मुंगीही घे. झाडावर चढते, पानाच्या खालच्या शिरेला कडकडून चावते आणि तिथेच मरते, मग डोक्यातून बुरशीचा देठ उगवतो. २०१७ साली संशोधकांनी अशा मुंग्यांचे पातळ काप काढून पाहिले. बुरशीचे धागे स्नायूंभोवती जाळ्यासारखे पसरलेले होते, मेंदूत मात्र शिरलेले नव्हते.

वर्गात मी मुलांना दर वेळी हाच प्रश्न विचारायचे: या जंतूने नवं काय घातलं? मुलं थोडा वेळ विचार करायची आणि म्हणायची, काहीच नाही मॅडम. आग, भूक, स्नायू, पळण्याची उर्मी. प्राण्याकडे आधीपासून असलेल्याच एखाद्या गोष्टीचा कान पिळला, आणि तोही जिथे जंतूच्या पुढच्या पिढीचा फायदा होतो तेवढाच. ज्या ज्या ठिकाणी हे प्रकरण नीट समजलं आहे, तिथे ते असं ठोस आणि अंगात दाखवता येण्यासारखं निघालं आहे.

आता तुझ्या रीलमधला जंतू. टोक्सोप्लाझ्मा गोंडी. (नावातल्या गोंडीचा आपल्या गोंडांशी संबंध नाही. १९०८ मध्ये ट्युनिसमध्ये 'गुंडी' नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो पहिल्यांदा सापडला, त्यावरून ते पडलं.) हा जंतू जवळजवळ कुठल्याही उष्ण रक्ताच्या प्राण्यात राहू शकतो, पण त्याचं लैंगिक प्रजनन फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. म्हणजे उंदराच्या अंगात गेलेल्या जंतूला पुन्हा मांजराच्या पोटात पोहोचायचं असतं. २००० साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बंदिस्त जागेच्या चार कोपऱ्यांत चार वास ठेवले: उंदराचा स्वतःचा, ससा, मांजर आणि एका कोपऱ्यात नुसतं पाणी. निरोगी उंदीर मांजराचा कोपरा टाळायचे. जंतू असलेले फारसे टाळत नव्हते, काही तर तिथेच घुटमळायचे. २००७ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अजय व्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा उंदरांची बाकीची भीती आणि स्मरणशक्ती बऱ्यापैकी जागेवर असते. रीलमध्ये आलं ते इथपर्यंतचं. पुढचं आलं नाही. २०२० साली जिनिव्हातल्या संशोधकांना दिसलं की जंतू लागलेले छोटे उंदीर मांजरालाच नव्हे, सगळ्यालाच कमी घाबरतात, आणि मेंदूत जंतूच्या गाठी जितक्या जास्त, तितका हा परिणाम जास्त. म्हणजे खुद्द उंदराच्या बाबतीतही गोष्ट अजून पुरती सुटलेली नाही. आणि उंदीर मांजराच्या प्रेमात पडतो असं यातल्या कुणीच म्हटलेलं नाही. त्याची भीती कमी होते. भीती कमी होणं आणि माया लागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तुला सांगायला नको.

माणसांवरही अभ्यास झाले आहेत आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. प्रागचे यारोस्लाव्ह फ्लेगर १९९० च्या दशकापासून यामागे आहेत. जंतू असलेल्या लोकांचे रस्त्यावर अपघात जास्त होतात असं २००२ च्या त्यांच्या पाहणीत दिसलं. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांमध्ये या जंतूच्या खुणा थोड्या जास्त सापडतात, असंही बऱ्याच पाहण्यांमध्ये आढळलं आहे आणि त्यावर काम चालू आहे. पण दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन शहरात १९७२-७३ ला जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला जातो. त्यातल्या आठशेहून अधिक जणांच्या रक्तात हा जंतू तपासला आणि त्यांचा स्वभाव, उतावळेपणा, बुद्धी, नैराश्य, सगळं पडताळलं. २०१६ मध्ये निकाल आला, संबंध जवळजवळ दिसला नाही. ब्रिटनमध्ये मांजरांच्या घरात वाढलेल्या मुलांचीही अशीच पाहणी झाली, २०१७ मध्ये. मांजर आणि मुलांची मानसिक लक्षणं यांचा मेळ बसला नाही.

आता नणंदेला सांगण्यासारखी गोष्ट. फ्लेगर यांच्याच गटाने २०११ साली लोकांना मांजराच्या मूत्राचा वास दिला. जंतू असलेल्या पुरुषांना तो वास इतरांपेक्षा बरा वाटला. आणि जंतू असलेल्या बायकांना? त्यांना तो जास्त वाईट वाटला. अभ्यास छोटा आहे, त्यावर मी काहीच उभारणार नाही. पण "किडा बायकांना मांजरवेडं करतो" असं म्हणणाऱ्याच्या हातात जेवढा पुरावा आहे, तो असा उलट्या तोंडाचा आहे.

आपल्याकडे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मूल होण्याच्या वयातल्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के जणींच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे जंतू लागल्यावर शरीर तयार करतं ती प्रथिनं, आढळली होती. पाचात एकीपेक्षा जास्त. तुमच्या सोसायटीत एवढ्या जणी मांजरांसाठी रडताना दिसतात का?

लेकी, तुझ्या मायेला तारीख आहे. २५ सप्टेंबर २०१९ ची ती रात्र, दुसऱ्या दिवशीचा चिखल, मुठीत मावणारं गारठलेलं पिल्लू, हातातला ड्रॉपर. दर दोन तासांनी उठली असशील. ते जगलं. आपण जगवलेल्या जिवावर आपला जीव जडतो, यात डोक्यातल्या कुणाचा हात लागत नाही. सहज बघ, असा कुठला जंतू आहे जो फक्त एकाच मांजरावर, तिच्या नावासकट, माया करायला लावतो? तुला रस्त्यावरच्या बोक्याची इतकी ओढ नाही ना? आणि आता तिसऱ्या महिन्यात, अंगात सगळी उलथापालथ चालू असताना, तिला टाकून यायला सांगितल्यावर तुला रडू आलं. मला तर नसतं आलं तर काळजी वाटली असती. "तू बोलत नाहीयेस, किडा बोलतोय" हे वाक्य बाईचं म्हणणं ऐकायचं नसलं की फार सोपं पडतं. आमच्या वेळी "अंगात आलंय" म्हणायचे. ते मनावर घेऊ नकोस, आणि एकदा शांतपणे नणंदेला सांग की ते लागलं. ती दुष्ट नसेल, तिला कदाचित अंदाजही नसेल.

आता बाळ. इथे मात्र काळजी खरी आहे, आणि ती घ्यायचीच. हा जंतू आईला गरोदरपणातच पहिल्यांदा लागला, किंवा दिवस राहायच्या थोडंच आधी लागला, तर तो वारेतून बाळापर्यंत जाऊ शकतो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी, पण पोहोचला तर डोळ्यांना आणि मेंदूला इजा जास्त. शेवटच्या महिन्यांत याच्या उलट. आधी कधीतरी लागून गेलेला असेल तर आईच्या अंगात प्रतिकार तयार असतो आणि निरोगी बाईच्या बाळाला सहसा धोका राहत नाही. म्हणून पहिलं काम: तुझ्या डॉक्टरांना मनीबद्दल सांग आणि रक्ताच्या तपासणीबद्दल विचार. टॉर्च टेस्ट, म्हणजे बाळाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी, तिच्यात हा जंतू येतो. रिपोर्टमध्ये आयजीजी आणि आयजीएम अशी दोन प्रकारची प्रतिपिंडं दिसतील. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, तर बहुतेक जुना संसर्ग, तुझ्यासाठी चांगलीच बातमी. दोन्ही निगेटिव्ह, तर तुला अजून लागलेला नाही आणि बाळंतपणापर्यंत लागू द्यायचा नाही. आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर घाबरून इंटरनेट उघडू नकोस. ते कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतं. अशा वेळी अ‍ॅव्हिडिटी नावाची पुढची तपासणी असते, तिच्यावरून संसर्ग ताजा की जुना याचा अंदाज येतो. पुढचं डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने एकही गोळी नाही.

मनीचं म्हणशील, तर मांजर या जंतूची अंडी सहसा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवडे विष्ठेतून टाकतं. बाहेर पडल्यावर ती अंडी लगेच लागत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून लिटरचा ट्रे रोजच्या रोज साफ करायचा. तू नाही, नवऱ्याने. हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन. बाळंतपणापर्यंत हे त्याचं काम, आणि ज्याला मांजर मंडईत सोडणं सोपं वाटलं त्याला हे जड जायला नको. मनीला कच्चं मांस द्यायचं नाही, उंदीर-पाखरांच्या मागे बाहेर जाऊ द्यायचं नाही. तिला कुरवाळायला, पायाशी झोपू द्यायला हरकत नाही.

खरी जोखीम बहुतेक वेळा दुसरीकडून येते. युरोपातल्या सहा शहरांत गरोदर बायकांची पाहणी झाली होती, ती २००० साली प्रसिद्ध झाली. संसर्गापैकी ३० ते ६३ टक्के अर्धकच्च्या मांसातून आलेले दिसले, ६ ते १७ टक्के मातीतून. मांजर जवळ असणं हे कारण म्हणून पुढे आलं नाही. तेव्हा मटण कुकरला नीट शिजलेलं खा, रस्सा खुशाल खा, पण आतून गुलाबी राहिलेले कबाब आणि हॉटेलातलं अर्धवट भाजलेलं मांस काही महिने विसर. मटण कापलेला विळा आणि पाट धुतल्याशिवाय काकडी चिरायची नाही. कोशिंबिरीचं गाजर, मुळा, आणि वरून भुरभुरायची कोथिंबीर वाहत्या पाण्यात चांगली चोळून धुवायची. कोथिंबिरीच्या काड्यांना माती किती असते ते तुला माहीत आहे.

माती म्हटल्यावर एक विचारायचं राहिलं. तुला मातीचे डोहाळे लागलेत का? पुष्कळ जणींना लागतात, आणि लाजेने त्या सांगत नाहीत. पहिल्या पावसाचा वास आवडतो इथपर्यंत ठीक, पण कुंडीतली किंवा भिंतीची माती तोंडात टाकावीशी वाटत असेल तर टाकायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. रक्तात लोह कमी असलं की असं होऊ शकतं, त्यावर उपाय आहे.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांना नातवंडाची भीती वाटते आहे आणि त्यांच्या हातात कुणीतरी एक मांजर दिलं. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा. मनीबद्दलचा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारू दे, उत्तर त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकू दे. तुझ्या तोंडून ऐकलेलं त्यांना हट्ट वाटेल. तेच डॉक्टरांच्या तोंडून आलं की सल्ला होतो.

आणि हो, कोथरूडच्या घरांना गच्ची असते आणि गच्चीत कुंड्या. सासूबाईंनी लावलेल्या असतील तर रात्री तिथे शेजारचे बोके येऊन माती उकरतात का ते बघ. मांजराची जात विष्ठा पुरून ठेवते, आणि ओलसर मातीत ही अंडी वर्षभरसुद्धा टिकतात. मनीच्या रोज धुतल्या जाणाऱ्या ट्रेपेक्षा मला त्या कुंड्यांची जास्त धास्ती आहे. तिथली पुदिना-मिरची तोडायचं काम सध्या दुसऱ्याने करावं, तुला करावंच लागलं तर हातमोजे घाल. कुंडीच्या मातीवर नारळाच्या शेंड्या दाबून पसरा, किंवा करवंट्यांचे तुकडे उभे खोचा. बोक्याला उकरायला जागा मिळाली नाही की तो दुसरी गच्ची शोधतो.

रिपोर्ट आला की दोन ओळी लिही.

– तुझी ताई